छोट्या गाडीची मोठी तयारी

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आपल्या समाजातल्या बहुतेक घरांत एकच चर्चा रंगते. मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडे जायचं, की या वेळी तरी कुठेतरी फिरायला? आमच्या घरी यंदा दोन्हींचं उत्तर एकाच सहलीत सापडलं. निमित्त झालं ते जेमतेम पंधरा इंच रुंदीच्या एका रेल्वेचं.

माझी चुलत बहीण इंग्लंडमध्ये केंट परगण्यात राहते. तिने तिथल्या एका छोट्या वाफेच्या गाडीचा व्हिडिओ पाठवला. इंजिन माणसाच्या छातीइतकं उंच, डबे त्याहून बुटके, आणि सगळं कसं अगदी खऱ्यासारखं: वाफ, शिटी, कोळसा, हिरवा झेंडा. चौथीतल्या आमच्या चिरंजीवांनी तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की घरातल्या सगळ्यांना ती शिटी पाठ झाली. मग अपेक्षित प्रश्न आला, "आई, आपल्याकडे अशी गाडी आहे का?"

उत्तर माझ्या सासऱ्यांनी दिलं. "होती ना. आपल्या उज्जैनहूनच सुटायची."

त्या एका वाक्यापासून आमच्या सहलीची आखणी सुरू झाली. ती करताना जी माहिती जमली, ती इथे देत आहे. कुणाला अशीच सहल काढायची असेल तर उपयोगी पडेल.

समुद्राकाठची पंधरा इंची

आधी त्या केंटच्या गाडीबद्दल. तिचं नाव रोमनी, हाइथ अँड डिमचर्च रेल्वे. दोन रुळांमधलं अंतर पंधरा इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर. मुलांना सांगायचं तर शाळेतली एक फुटपट्टी आणि वर तीन इंच! आपली ब्रॉडगेज साडेपाच फुटांची असते, म्हणजे १६७६ मिलिमीटर. एवढ्याशा रुळांवरून ही गाडी इंग्लिश खाडीच्या किनाऱ्यालगत हाइथपासून डंजनेसच्या दीपगृहापर्यंत साडेतेरा मैल, सुमारे बावीस किलोमीटर धावते.

ही काढण्याची कल्पना मोटारींच्या शर्यतीत भाग घेणाऱ्या दोन श्रीमंत शौकिनांची, कॅप्टन हॉवी आणि काउंट लुई झ्बोरोव्स्की यांची. झ्बोरोव्स्की १९२४ मध्ये इटलीत मॉन्झाच्या शर्यतीत मरण पावला. हॉवीने काम पुढे नेलं आणि १६ जुलै १९२७ रोजी रेल्वे सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात ती लष्कराच्या ताब्यात होती आणि तिच्यावर चिलखती गाडीसुद्धा चालवली गेली. युद्धानंतर १९४७ मध्ये डंजनेसपर्यंतचा भाग पुन्हा सुरू झाला, तेव्हा उद्घाटनाला लॉरेल आणि हार्डी ही प्रसिद्ध जोडगोळी आली होती. पुढे बरीच वर्षं तिथली मुलं याच गाडीने शाळेत जात. म्हणजे खेळण्यासारखी दिसणारी ही गाडी त्या भागात खरोखर कामाची होती.

केंटला जाण्याचा बेत अर्थातच आमच्या खिशाबाहेरचा होता. पण ज्यांची मुलं लंडनमध्ये आहेत त्यांनी ही नोंद करून ठेवावी. लंडनहून एका दिवसात जाऊन येता येतं.

आपली आगर गाडी

आता बाबांची गाडी. शिंदे संस्थानाच्या काळापासून उज्जैन ते आगर अशी नॅरोगेजची गाडी होती. आज आगर रोडने घट्टिया, घोंसला करत बस दीड-दोन तासांत आगरला पोचते. त्याच बाजूला ही गाडी निवांत जात असे. शिंद्यांना छोट्या गाड्यांची फार हौस. ग्वाल्हेरच्या जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. पण त्यांच्या संस्थानातल्या छोट्या गाड्या शोभेच्या नव्हत्या. माणसं, धान्य, बाजार, सगळं त्यावर चाले.

बाबांचे मामा आगरला शिक्षक होते. पन्नासच्या दशकात उन्हाळा लागला की बाबा आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या आत्या, आजीबरोबर या गाडीने आगरला जात. बाबा सांगतात, खिडकीशी बसायचं तर डोळ्यांत कोळशाची कणी जाणारच, म्हणून आजी दोघांच्या डोळ्यांवर ओला पंचा धरायची. गाडी इतकी हळू चालायची की धावत्या गाडीतून उतरून बोरं वेचून पुन्हा चढता येई, असंही ते सांगतात. आत्यांच्या मते यातलं उतरणं खरं, चढणं मात्र मामांच्या मदतीने!

१९७५ साली, आणीबाणीच्या काळात, ही गाडी बंद झाली आणि रूळ उखडले गेले. आज आगरला रेल्वे नाही. मुलांना दाखवायला म्हणावं तर काहीच हाताशी नाही, आहेत त्या फक्त बाबा आणि आत्यांच्या आठवणी.

आणि ही एकटीच नव्हे. ग्वाल्हेर-श्योपूर ही दोन फुटी गेजची जवळजवळ दोनशे किलोमीटरची गाडी २०२० मध्ये थांबली ती थांबलीच, आता तिथे ब्रॉडगेजचं काम चाललं आहे. विदर्भातली यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची 'शकुंतला' थांबली. पंढरीच्या वारकऱ्यांना नेणारी बार्शी लाइट रेल्वे ब्रॉडगेज झाली. ब्रॉडगेज झाल्याने त्या भागांची सोय झाली, याबद्दल तक्रार असण्याचं कारण नाही. मात्र छोट्या गाडीत बसायचं असेल तर ती चालू आहे तोवरच बसायला हवं, हे आम्हाला पटलं.

मग जायचं कुठे?

आम्ही कागदावर पर्याय लिहून काढले.

वाफेचं इंजिन हवंच असेल तर दोन नावं पुढे येतात. एक दार्जिलिंग. तिथली १८८१ ची दोन फुटी रेल्वे जागतिक वारशाच्या यादीत १९९९ मध्ये गेली आणि दार्जिलिंग-घूम फेरीला अजून वाफेचं इंजिन लागतं. दुसरी निलगिरीची. मेट्टुपालयमहून कुन्नूरकडे चढताना रुळांच्या मधल्या दातेरी पट्टीला धरून इंजिन वर सरकतं, कारण तिथे चढ १२ मीटरला १ मीटर इतका कडक आहे. दोन्ही गाड्या सुंदर, पण उज्जैनहून जाऊन-येऊन आठवडा हवा. नवऱ्याची रजा, मुलीचं आठवीचं वर्ष आणि बाबांचं वय, एक्याऐंशी, हे पाहता ते जमण्यासारखं नव्हतं.

सगळ्यात जवळचा पर्याय आपल्या माळव्यातलाच: महूजवळची पातालपानी-कालाकुंड हेरिटेज गाडी. ही मीटरगेज. लांबी साडेनऊ किलोमीटर, पण धबधबा, बोगदे आणि घाट असं सगळं त्यात आहे. या मार्गाचा इतिहास आपल्या जिव्हाळ्याचा आहे. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० मध्ये रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजाने आणि १०१ वर्षांच्या मुदतीने! त्यातून खांडवा-इंदूर ही होळकर स्टेट रेल्वे झाली. महू ते ओंकारेश्वर रोड हा मीटरगेजचा पट्टा २०२३ मध्ये गेज बदलण्यासाठी बंद झाला. हेरिटेज गाडी २५ डिसेंबर २०१८ पासून सुरू आहे, तीही मुख्यतः पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत. कालाकुंडला पानावर मिळणारा कलाकंद ज्यांनी खाल्ला आहे त्यांना वेगळं काही सांगायला नको.

तिसरा पर्याय माथेरान. आणि इथे मुलीने आपलं मत मांडलं. तिने समुद्र अजून पाहिलेला नाही. आपल्याकडे शिप्रेचा घाट आहे, नर्मदा आहे, पण समुद्र पाहायचा तर रात्रभराचा प्रवास आलाच. केंटला समुद्र आणि छोटी गाडी एकाच ठिकाणी मिळते. आपण एकाच सहलीत दोन्ही जोडायचे: आधी मुंबईला समुद्र, मग नेरळहून माथेरान. शिवाय आत्या डोंबिवलीला राहतात. इथे मतदानाची गरजच उरली नाही.

माथेरानची गाडी समजून घेऊ

माथेरान सुमारे आठशे मीटर उंचीवर आहे. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी इंग्रजांसाठी ते 'शोधलं'. स्थानिक लोक अर्थातच तिथे आधीपासून होते. पुढची पन्नास वर्षं वर जायचं तर घोडा, पालखी किंवा पाय. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी रेल्वेचा ध्यास घेतला आणि सोळा लाख रुपये खर्चून १९०४ ते १९०७ या काळात ती बांधून काढली. २२ मार्च १९०७ रोजी गाडी सुरू झाली.

रूळ दोन फुटी. छोटं गेज का, तर त्याला अगदी आवळ वळणं घेता येतात आणि डोंगरात रुंद वाट कोरावी लागत नाही. नेरळपासून सुमारे एकवीस किलोमीटरच्या या मार्गात काही ठिकाणी चढ वीस मीटरला एक मीटर आहे. बोरघाटात मोठ्या गाड्यांना सदतीसला एक एवढाच चढ असतो, तरी तिथे मागून जादा इंजिनं लावावी लागतात. माथेरानच्या गाडीला दातेरी पट्टीही नाही, ती नुसत्या चाकांच्या पकडीवर चढते. त्यासाठी जर्मनीहून ओरेनस्टाइन अँड कोप्पेल कंपनीची चार खास इंजिनं आणली होती. त्यांची पुढची-मागची चाकं वळणावर थोडी सरकत, त्यामुळे इंजिन वळणात अडकत नसे. त्यांतलं एक आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. आता गाडी डिझेलवर चालते. चिरंजीवांना हे सांगितल्यावर चेहरा पडला होता, पण एकच बोगदा असलेल्या या मार्गावर त्या बोगद्याचं नाव 'वन किस' आहे हे कळल्यावर ताईला चिडवण्याची सोय झाली आणि डिझेल चालून गेलं.

वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज आणि शेवटी माथेरान अशी स्थानकं. वेग ताशी वीस किलोमीटरच्या आत, म्हणून एवढ्याशा अंतराला अडीच-पावणेतीन तास लागतात.

या गाडीचं मला सर्वांत भावलं ते तिचं परत परत उभं राहणं. २६ जुलै २००५ च्या महापुरात मार्ग वाहून गेला, २००७ मध्ये गाडी पुन्हा आली. २०१६ मध्ये डबे घसरल्यामुळे थांबवली, एअर ब्रेकसारख्या सुधारणा करून ती टप्प्याटप्प्याने परतली. २०१९ च्या पावसाने पुन्हा मार्ग खचला आणि २२ ऑक्टोबर २०२२ रोजी ती परत नेरळहून सुटली. माथेरानला मोटारगाड्यांना बंदी असल्यामुळे तिथल्या लोकांना आणि पर्यटकांना ही गाडी हवी आहे. ज्या गाडीची गरज माणसांना वाटते, तिच्यासाठी कुणीतरी भांडत राहतं.

बाबांचं "तुम्ही जा"

सगळं ठरत आलं आणि बाबा म्हणाले, "तुम्ही जा, मी घर सांभाळतो." घरात लहानमोठी माणसं असलेल्यांना या वाक्याचा अर्थ माहीत असतो. गुडघे दुखतात, आपल्यामुळे मुलांचा खोळंबा नको, आणि चार वर्षांपूर्वी आई गेल्यापासून ते उज्जैन सोडून कुठे गेलेलेच नाहीत. आत्या आता शहात्तरच्या. त्यांनाही एकटीने इकडे येणं झेपत नाही. बहीण-भावाची भेट फोनवरच होते.

आग्रह करण्यापेक्षा आम्ही त्यांच्या एकेक अडचणीचा विचार केला. हा भाग ज्यांच्या घरी वडीलधारे आहेत त्यांनी जरूर वाचावा.

माथेरानला चालायचं किती? मोटार दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते, तिथून बाजार अडीच-तीन किलोमीटर. नेरळहून छोट्या गाडीने गेलं तर ती थेट बाजारात उतरवते. म्हणजे आमच्यासाठी गाडी ही नुसती मौज नसून बाबांना वर नेण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. वर फिरण्यासाठी पूर्वी हातरिक्षा असत. माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं आणि त्यांच्या जागी ई-रिक्षा आणण्यावर भर दिला. बाबा हातरिक्षात बसले नसतेच, ई-रिक्षाला त्यांची हरकत नाही.

डॉक्टरांनी गुडघ्याला पट्टा बांधून, मधे मधे विश्रांती घेत जायला परवानगी दिली आहे.

तरीही खात्री हवी म्हणून आम्ही आधी एक रंगीत तालीम ठेवली आहे. दिवाळीपूर्वीच्या एका रविवारी पातालपानी-कालाकुंड. पहाटे निघायचं, इंदूरला पोहे-जिलेबी, मग गाडी. बाबांना डब्याची पायरी चढता येते का, दोन तास बाकावर बसणं जमतं का, ते कळेल. नाहीच जमलं तरी संध्याकाळी घरी.

शेवटचा उपाय आत्यांनी केला. त्या फोनवर म्हणाल्या, "दादा, तू येणार असशील तर मीही माथेरानला येते. नाहीतर तुझी बोरांची गोष्ट मुलांना मी माझ्या पद्धतीने सांगीन." बाबांनी दुसऱ्या दिवशी कपाटातून जुना मफलर काढून धुवायला टाकला.

आमचा कार्यक्रम

बुधवारी संध्याकाळी उज्जैनहून अवंतिका एक्सप्रेस. आपल्या गावाचंच जुनं नाव घेऊन धावणारी ही गाडी सकाळी मुंबई सेंट्रलला पोचवते.

गुरुवारी समुद्र. मुंबई सेंट्रलपासून गिरगाव चौपाटी जवळ आहे. सकाळचं ऊन चढायच्या आत वाळूत पाय बुडवायचे, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसायचं. दुपारी लोकलने डोंबिवली. सकाळची मुंबईकडे येणारी आणि संध्याकाळची मुंबईतून बाहेर जाणारी गर्दी टाळायची, एवढं पथ्य पाळलं तर लोकल वाटते तितकी भीतीदायक नाही.

शुक्रवारी भल्या पहाटे आत्यांना घेऊन कर्जत लोकलने तासाभरात नेरळ, तिथून छोटी गाडी. मुक्काम माथेरानला. दुपारी बाबा आणि आत्या हॉटेलच्या व्हरांड्यात, बाकीचे शार्लोट लेककडे.

शनिवारी सकाळी पॅनोरमा पॉइंट, मग परत. खाली येताना छोट्या गाडीत जागा मिळाली नाही तर माथेरान-अमन लॉज शटल, आणि दस्तुरी नाक्यावरून टॅक्सीने नेरळ. आत्यांना डोंबिवलीला सोडून संध्याकाळची अवंतिका. रविवारी सकाळी घरी.

गुरुवार-शुक्रवार अशी दोनच दिवसांची रजा लागते, आणि माथेरानला शनिवार-रविवारची झुंबड वर चढत असताना आपण खाली उतरत असतो.

लक्षात ठेवण्यासारखं

• नेरळ-माथेरान गाडी पावसाळ्यात साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असते. अमन लॉज-माथेरान शटल मात्र चालू राहते. निघण्यापूर्वी चौकशी करूनच निघावं.

• नेरळहून सकाळी मोजक्याच फेऱ्या असतात आणि जागा थोड्या. खिडकीवर लवकर पोचणं उत्तम. एकाने रांगेत, बाकीच्यांनी चहाला.

• लांबच्या गाडीचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. ज्येष्ठांसाठीच्या खालच्या बर्थचा कोटा एका तिकिटावर जास्तीत जास्त दोन प्रवासी असतील तरच मिळतो. म्हणून बाबांचं तिकीट सगळ्यांबरोबर न काढता वेगळं काढायचं.

• माथेरानची माती तांबडी आहे. पांढरे बूट आणि पांढरे पायजमे घरी ठेवावेत.

• माकडांपासून खाऊ जपावा. रतलामी शेवेची पिशवी बाहेर दिसता कामा नये, ती त्यांनाही आवडते.

• माथेरानला प्रवेश कर भरावा लागतो, सुटे पैसे जवळ असावेत.

तारखा नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातल्या आहेत. समाजातल्या आणखी एक-दोन कुटुंबांना सोबत यायचं असेल तर रविवारच्या बैठकीत जरूर सांगा. मुलांना सोबत मिळेल आणि मोठ्यांना गप्पांना माणसं.

आणखी एक विनंती. आगर गाडीत बसलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. तुमच्या घरी आजी-आजोबा असतील तर या दिवाळीत त्यांना त्या गाडीबद्दल विचारा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. एखादं जुनं तिकीट, फोटो किंवा त्या रेल्वेत नोकरी केलेल्या कुणाची आठवण मिळाली तर आपल्या अंकासाठी पाठवा. बाबा आणि आत्यांचं रेकॉर्डिंग आम्ही नेरळ ते माथेरानच्या पावणेतीन तासांत करणार आहोत. बोरांची गोष्ट दोघांच्याही तोंडून, एकापाठोपाठ.